‘आपला माल’ : नोकर, उत्पादन आणि ममत्व

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन मोठी गावे आहेत. एकाच्या नावाला रेल्वे चिकटली, दुसऱ्याच्या नावाला बाजार. चांदूर रेल्वे हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील स्थानक. चांदूर बाजार हे त्याच जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे ठिकाण. बडनेरा-नरखेड मार्गामुळे पुढे चांदूर बाजारलाही स्थानक लाभले, परंतु तेवढ्याने त्याचे नाव बदलले नाही. मालाची देवघेव हीच ज्या गावाची ओळख ठरली, त्या गावाच्या परिसरात ‘माल’ या शब्दाचा आणि त्या मालाशी माणसाच्या असलेल्या नात्याचा विचार करणे अस्थानी होणार नाही. कापूस आणि संत्रे ही या तालुक्याची दोन मुख्य नगदी पिके. दोहोंतही पीक घेणारा एक, त्यावर मजुरीने हात चालविणारे दुसरे, आणि त्याला नाव व भाव देणारे तिसरे अशी विभागणी पूर्वीपासून आहे.

अलीकडे मोठ्या उद्योगसंस्थांतून एक अपेक्षा वारंवार व्यक्त होते. नोकराने नेमून दिलेले काम चोख करावे एवढे पुरेसे नाही. संस्था जी वस्तू निर्माण करते तिच्याविषयी त्याला जिव्हाळा वाटला पाहिजे, ती त्याला स्वतःची वाटली पाहिजे. या अपेक्षेला ‘मालकीची भावना’ असे भारदस्त नाव मिळाले आहे. मालकी न देता मालकीची भावना मागणे योग्य आहे काय, आणि ती भावना खरोखरच उत्पन्न झाली तर वस्तूचे कल्याण होते की अकल्याण, हे दोन प्रश्न येथे विचारात घ्यावयाचे आहेत. हे प्रश्न केवळ अर्थशास्त्राचे किंवा व्यवस्थापनशास्त्राचे नाहीत. ज्या शब्दांनी माणूस वस्तूवर आपला हक्क सांगतो किंवा नाकारतो, त्या शब्दांच्या घडणीतही त्यांचा काही उलगडा सापडतो.

प्रथम सर्वनामांकडे वळणे सोयीचे होईल. मराठीत उत्तमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. बोलणारा ऐकणाऱ्याला वगळून बोलतो तेव्हा ‘आम्ही’ म्हणतो. ऐकणाऱ्याला सामावून घेतो तेव्हा ‘आपण’ म्हणतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. गुजरातीत तो आहे, तमिळ आणि तेलुगूत आहे, आणि चांदूर बाजारपासून फार दूर नसलेल्या मेळघाटातील कोरकू भाषेतही आहे. मराठीत तो द्राविडी भाषांच्या सहवासाने आला, असे मत सामान्यतः मांडले जाते. कारण काहीही असो, परिणाम असा की मराठी बोलणाऱ्याला एखादी वस्तू नुसती ‘आमची-आपली’ असे मोघम म्हणून भागत नाही. ती कोणाला धरून आणि कोणाला वगळून आपली, हे त्याला प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

दुकानावरचा नोकर गिऱ्हाइकाला ‘आमचा माल चांगला आहे’ असे सांगतो तेव्हा त्याने स्वतःला मालकाच्या बाजूला आणि गिऱ्हाइकाला पलीकडे उभे केलेले असते. तोच नोकर सोबत्याशी बोलताना ‘आपला माल आज रवाना झाला’ असे म्हणतो, तेव्हा त्या ‘आपला’मध्ये दोघेही नोकर येतात, मालक येतो की नाही हे प्रसंगावर अवलंबून राहते. पण खरी गंमत तो मालकाशी बोलू लागला म्हणजे होते. ‘आपला माल तयार आहे’, असे नोकर मालकाला सांगतो. येथे ‘आपला’ म्हणजे ‘तुमचा-माझा मिळून’, की आदरार्थी ‘आपण’वरून आलेले ‘आपणां धनिकांचा’? व्याकरण याचा निर्णय देत नाही. दोन्ही अर्थ शुद्ध आहेत आणि दोन्ही एकाच उच्चारात नांदतात. मालक पहिला अर्थ ऐकून संतुष्ट होतो; नोकराला पगाराच्या दिवशी दुसरा अर्थ आठवतो.

या शब्दाला आणखीही एक पदर आहे. ‘आपण’ हे रूप संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृत ‘अप्पण’च्या द्वारे आले आहे, म्हणजे मुळात त्याचा संबंध स्वत्वाशी. परंतु ‘तो आपला काम करीत बसला’, ‘मी आपला गप्प राहिलो’ अशा वाक्यांत हाच ‘आपला’ ममत्वाचा राहत नाही. तेथे तो अलिप्तता, निरुपाय, क्वचित निमूटपणा सुचवितो. वस्तूवर घट्ट हक्क सांगणारा शब्द आणि जगाच्या उठाठेवीतून अंग काढून घेणारा शब्द मराठीने एकच ठेवला आहे. कामाच्या जागी दिवसभर ‘आपला माल’ म्हणणारा माणूस घरी ‘मी आपला जातो नि येतो’ असे सांगतो, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

‘माल’ आणि ‘मालक’ या जोडीकडेही पाहिले पाहिजे. मराठी कानाला हे दोन शब्द एकाच घरातले वाटतात. ज्याच्याकडे माल तो मालक, अशी व्युत्पत्ती कोणीही सहज करील. प्रत्यक्षात दोन्ही अरबीतून आले असले तरी त्यांचे धातू भिन्न मानले जातात. ‘माल’चा धातू संपत्तीवाचक आहे; ‘मालिक’चा धातू सत्ता, ताबा, राज्य या अर्थाचा, ज्यापासून ‘मुलूख’ आणि ‘मलिक’ हे शब्दही झाले. म्हणजे मालकाचे मूळ वस्तूत नसून वस्तूवरील अधिकारात आहे. ‘नोकर’ या शब्दाचा इतिहास तर अधिकच उद्बोधक आहे. तो फारसीतून मराठीत आला, पण फारसीने तो मंगोल भाषेतून घेतला. आणि तेथे ‘नोकोर’ म्हणजे सोबती, स्वतःच्या इच्छेने सरदाराच्या पाठीशी उभा राहिलेला साथीदार. सोबत्याचा नोकर होईपर्यंत शब्दाने जो प्रवास केला, त्यात इच्छा गळून पडली आणि सेवा तेवढी उरली. ‘कंपनी’ या शब्दाच्या मुळाशीही एकत्र भाकरी खाणाऱ्यांची कल्पना आहे, हे युरोपीय भाषांचे अभ्यासक जाणतातच. मराठी मुलखात मात्र हा शब्द आला तो प्रथम ‘कंपनी सरकार’च्या रूपाने, तेव्हा भाकरीची आठवण त्याला चिकटण्याचा संभव नव्हता.

मराठीत निष्ठेची भाषा जुनी आणि समृद्ध आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, इमान राखावे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. या सर्व उक्ती पोसणाऱ्याविषयीच्या आहेत. त्यांत वस्तूचा उल्लेख नाही. धन्याचे मीठ खाल्ले म्हणून धन्याच्या गुळावर किंवा कापडावर प्रेम करावे, अशी म्हण मराठीत आढळत नाही. श्रम करणाऱ्याची माया धन्याखेरीज जर कोठे वाहत असेल तर ती श्रमाच्या सोबत्यांकडे. पोळ्याला बैलाची पूजा होते. खंडेनवमीला सुतार आपल्या पटाशी-करवतीची, लोहार घणाची आणि कारखान्यातील कामगार यंत्राची पूजा करतो. मुंबईच्या गिरणीकामगाराच्या बोलीत मागाला ‘साचा’ आणि विभागाला ‘खाते’ म्हणत. विणकराचे मन जडले ते साच्यावर. त्यावरून निघालेले कापड कोणत्या बाजारात गेले याची वास्तपुस्त त्याने करावी असा प्रसंगच क्वचित येई.

वऱ्हाडात याला एक लक्षणीय अपवाद सापडतो. कापसाच्या पहिल्या वेचणीच्या वेळी शेतात ‘सीतादही’ करण्याची चाल आहे. दहीभाताचा नैवेद्य दाखवून मगच बोंडांना हात लावावयाचा. तद्वतच खळ्यावर धान्याची रास पूजिली जाते, आणि मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणतात. येथे पूजा उत्पन्नाचीच आहे, हे नाकारता येत नाही. सीतादही ज्यांच्या हातून होते त्या वेचणाऱ्या स्त्रिया बहुधा मजुरीवर, वेचलेल्या वजनावर दाम घेणाऱ्या असतात. पीक त्यांचे नसते. तरीही पहिल्या बोंडाविषयीचा आदर त्यांचा असतो, आणि तो कोणा मुकादमाने मागितलेला नसतो. मात्र त्या आदरात ‘हा कापूस सर्वांहून सरस आहे’ असा दावा नाही. पीक पदरात पडले याबद्दलची ती कृतज्ञता आहे. कृतज्ञता आणि जाहिरात यांची गल्लत येथे अजून झालेली नाही, एवढे त्या चालीवरून म्हणता येईल.

सालदाराचे उदाहरण याहून कठीण आहे. वर्षाच्या बोलीने शेतकऱ्याकडे राहिलेला सालदार मालकाच्या शेतासंबंधी ‘आमच्या वावरात यंदा पऱ्हाटी चांगली हाय’ असे सहज म्हणतो. सात-बाराच्या उताऱ्यावर त्याचे नाव नसते, पीक विकून आलेल्या पैशावर त्याचा हक्क नसतो. पण वखर-डवऱ्यामागे तोच चाललेला असतो. त्याचे ‘आमचं’ खोटे म्हणावे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जमिनीशी श्रमाने जडलेला संबंध आणि कागदाने जडलेला संबंध हे दोन वेगळे संबंध आहेत, आणि भाषेने दोहोंना एकच षष्ठी दिली आहे. अडचण उत्पन्न होते ती दुसऱ्या पक्षाने या षष्ठीचा फायदा घेतला म्हणजे. पीक बुडाले की ‘तुझंच वावर समजून काम कर’ असे सांगावयाचे, आणि पीक साधले की वही पुढे करावयाची, ही रीत शेतीत जुनी आहे. आधुनिक उद्योगातील ‘मालकीची भावना’ तिच्याहून फारशी निराळी नाही. फक्त शब्द सुधारले आहेत.

आता कापसाकडे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण नोकराचे ममत्व हितकर की अहितकर या प्रश्नाचे खरे उत्तर वऱ्हाडच्या कापसाच्या इतिहासात दडलेले आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांची रसद तुटली आणि हिंदी कापसाला अकस्मात मागणी आली. त्याच दशकात लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरपर्यंत पोचला. अमरावतीच्या नावावरून या भागातील कापसाला मुंबई-लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ असे नाव पडले. गावाचे नाव मालाला लागले आणि पुढे केवळ अमरावतीच्याच नव्हे, तर आसपासच्या विस्तीर्ण मुलखातील आखूड धाग्याच्या कापसालाही तेच नाव चालू लागले. नाव जितके पसरले तितकी त्याची ग्वाही पातळ झाली. ‘बनी’ हा लांब धाग्याचा कापूस आणि ‘जरी’ हा भरघोस पण आखूड धाग्याचा. दोहोंची भेसळ, ओलावा, सरकी व माती यांची भर, या तक्रारी त्या काळी सतत होत्या. मुंबई इलाख्यात कापसातील लबाडीविरुद्ध १८६३ मध्ये कायदा करावा लागला, यावरून त्यांचे प्रमाण ध्यानात येईल.

वऱ्हाडाने या रोगावर जो उपाय शोधला तो विशेष विचारार्ह आहे. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा आला. त्याचे मर्म असे की बाजारातील अडत्या, दलाल आणि मापारी यांना परवाना घ्यावा लागे आणि माप ठरलेल्या नियमाने होई. मापाऱ्याकडून कायद्याला कशाची अपेक्षा होती? मालाविषयीच्या प्रेमाची खचितच नव्हे. शेतकऱ्याचा कापूस त्याला प्रिय असता तर काटा एका बाजूला झुकला असता. अडत्याचा फायदा प्रिय असता तर दुसऱ्या बाजूला. मापाऱ्याची किंमत त्याच्या उदासीनतेत होती, आणि ही उदासीनता टिकून राहावी म्हणून कायद्याने त्याला दोन्ही पक्षांपासून वेगळे उभे केले. पुढे १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली तेव्हा खरेदी-केंद्रावर प्रत ठरविणाऱ्या कर्मचाऱ्याकडूनही हीच अपेक्षा होती. बैलगाडीतील कापसाची मूठ हातात घेऊन धागा, रंग, ओल व कवडीचे प्रमाण पाहावयाचे आणि प्रत सांगावयाची. त्या क्षणी त्याच्या मनात संस्थेविषयी अभिमान आहे की नाही याच्याशी गाडीवाल्याला कर्तव्य नसते. त्याचा हात आणि डोळा खरा आहे की नाही, एवढ्यावर त्या घराचे वर्ष अवलंबून असते.

यावरून मालाविषयीचा जिव्हाळा सर्वथा वर्ज्य ठरतो, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. जिनिंग कारखान्यात काय घडते हे पाहिले म्हणजे प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. कापूस रेच्यावर जातो, रुई आणि सरकी वेगळी होतात. वजनाने सुमारे एकतृतीयांश रुई निघते. उरलेल्याचा मोठा भाग सरकीचा. मग रुई दाबून गाठ बांधावयाची. हल्ली ती १७० किलोची असते. मुंबईच्या जुन्या हिशेबात ३९२ पौंडांची गाठ आणि दोन गाठींची, म्हणजे ७८४ पौंडांची, खंडी धरीत. रेच्यावर जाण्यापूर्वी कापसातील सुतळीचे तुकडे, पोत्याचे धागे, केस, पानांचा चुरा, रंगीत चिंध्या हाताने वेचून काढाव्या लागतात. एखादा प्लास्टिकचा धागा सुटला तर तो सुतात उतरतो, रंग धरीत नाही, आणि शेकडो कोसांवर कोणाच्या तरी कापडात ठिपका होऊन उमटतो. ही मलिनता कमी करण्यासाठी २००० मध्ये केंद्र सरकारने कापूस तंत्रज्ञान मोहीम हाती घेऊन कारखान्यांच्या सुधारणेस साहाय्य दिले. फरशा झाल्या, यांत्रिक पट्टे आले, तरी वेचणारी नजर यंत्राला पूर्णपणे देता आलेली नाही. ती नजर बहुधा रोजंदारीवरील स्त्रीची असते. तिने पाहिले-न-पाहिलेसे केले तर तिला पकडणे जवळजवळ अशक्य. म्हणजे पर्यवेक्षणाचा हात जेथे पोचत नाही तेथे काम मनावरच सोपवावे लागते. येथे वस्तूची काही एक आच असल्यावाचून चालत नाही, हे उद्योजकांचे म्हणणे खरे आहे.

परंतु ही आच वस्तूच्या प्रेमाची आहे, की कामाच्या अब्रूची? अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १९१४ च्या आपल्या ग्रंथात कारागिरीच्या सहजप्रेरणेचा विचार केला आहे. काम नीट व्हावे, श्रम वाया जाऊ नयेत, ही ओढ माणसात मुळातच आहे आणि धंद्याची नफ्याची दृष्टी तिच्याहून भिन्न, पुष्कळदा तिच्या विरोधी असते, असे त्याचे प्रतिपादन. हा भेद मराठी परंपरेला परका नाही. तेरच्या गोरा कुंभाराची आख्यायिका सर्वश्रुत आहे. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईने विचारले, यांतील मडकी पक्की किती आणि कच्ची किती? गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे ठरविले. आख्यायिकेचा हेतू अध्यात्माचा आहे. तथापि तिच्यात कुंभाराच्या धंद्याचे एक सत्य जाता जाता सांगून गेले आहे. कुंभाराला मडक्याविषयी वाटणारी आस्था मडक्याची स्तुती करण्यात नसते, ती थापटून पाहण्यात असते. कच्च्याला कच्चे म्हणण्याची ज्याला मुभा नाही, त्याच्या ममत्वाचा मडक्याला उपयोग नाही, आणि पाणी भरणाऱ्याला तर मुळीच नाही.

उद्योगसंस्था जेव्हा नोकराकडे जिव्हाळा मागतात, तेव्हा थापटण्याची मुभा त्या कितपत देतात, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. ‘आमच्या मालात दोष आहे’ असे सांगणारा नोकर आपुलकी नसलेला समजला जातो, आणि दोष झाकणारा एकनिष्ठ. जिव्हाळ्याचा असा अर्थ रूढ झाला की तो वस्तूच्या मुळावरच उठतो. आपल्या मुलाचे दोष न दिसणे हा मातेचा अपराध नव्हे. पण औषध बनविणाऱ्याला, पूल बांधणाऱ्याला किंवा गाठीची प्रत ठरविणाऱ्याला ती सवलत देता येत नाही.

महाराष्ट्रात वस्तूविषयीची भावना उद्योगाचा पाया झाल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या चळवळीत वस्तू हाच भावनेचा विषय झाला. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाने जनतेकडून पैसा-पैसा गोळा करून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना उभारला. तेथली चिमणी किंवा बरणी विकत घेणाऱ्याने कदाचित स्वतःच फंडाला पैसा दिलेला असे. मग त्या काचेला त्याने ‘आपली’ म्हणणे व्याकरणाइतकेच हिशेबानेही बरोबर होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण अधिक परिचित आहे. त्यांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि नांगर खपेना. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये तेथून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखान्याचे हे घरगुती पत्र शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले आणि कारखान्याशी काहीही संबंध नसलेल्या हजारो मराठी घरांत वाचले जाऊ लागले. यात यश नांगराच्या स्तुतीचे नव्हते. नांगराच्या कारखान्याच्या पत्राने नांगराखेरीज इतर गोष्टींवर बोलण्याचे स्वातंत्र्य घेतले, म्हणून ते पत्र वाचकांचे झाले. शिवाय नांगर ही वस्तूच अशी की ती ओतणाऱ्या मजुराच्या भाऊबंदांच्या शेतात ती चालताना दिसावी. वस्तू आणि ती घडविणारा एकाच गावशिवारात राहतात तेव्हा ममत्व मागावे लागत नाही. रेच्यावर काम करणाऱ्याच्या वाट्याला असे भाग्य नसते. त्याची गाठ मालमोटारीवर चढली की त्याला ती पुन्हा दिसत नाही; त्याच्याजवळ उरते ती छातीत बसलेली कापसाची धूळ. कापडउद्योगातील कामगारांना या धुळीने जडणाऱ्या श्वसनरोगाला वैद्यकशास्त्रात ‘बिसिनोसिस’ असे स्वतंत्र नावच आहे.

कार्ल मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांत याच विच्छेदाला परात्मतेचे नाव दिले: श्रमिकाने घडविलेली वस्तूच त्याच्यासमोर परकी होऊन उभी राहते. ही हस्तलिखिते समग्र प्रसिद्ध झाली ती १९३२ मध्ये. त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९८३ मध्ये, आर्ली हॉक्शिल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने विमानातील परिचारिकांच्या कामाचा अभ्यास करून दाखविले की नव्या सेवा-उद्योगात हास्य आणि आपुलकी हीच विकली जाणारी वस्तू बनते, आणि मग माणूस स्वतःच्या भावनेलाही परका होतो. मार्क्सचा कामगार निदान मनातल्या मनात तटस्थ राहू शकत होता. त्याच्याकडून प्रेमाची पावती कोणी मागितली नव्हती.

भारतीय संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिसंस्थेचे उच्चाटन’ या विषयावरील आपल्या प्रबंधात मांडलेला मुद्दा या चर्चेत सहसा कोणी आणीत नाही. वस्तुतः तो सर्वांत मूलगामी आहे. जन्माने लादलेल्या आणि समाजाने हीन मानलेल्या धंद्यात माणसाचे ना मन असते ना बुद्धी, आणि अशा व्यवस्थेत कार्यक्षमता कशी येणार, असा त्यांचा सवाल होता. जिव्हाळा हा निवडीनंतर येतो. ज्याला काम नाकारण्याचा मार्ग नव्हता त्याने ते काम आवडीने करावे अशी अपेक्षा करणे हा त्याच्यावर दुसरा जुलूम होय. वऱ्हाडातील गावगाड्यात कोणती कामे कोणाच्या वाट्याला येत हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मुद्द्याचे वजन निराळे सांगावयास नको. उलट बाजूने गीतेतील निष्काम कर्माचा सिद्धांत पुढे करून नोकराने फळाची, म्हणजे पगाराची, चिंता सोडावी असे सुचविणारे उपदेशक आढळतात. त्या सिद्धांताचा तसा अर्थ घ्यावयाचा तर मालकानेही फळाची, म्हणजे नफ्याची, आसक्ती सोडली पाहिजे. हे ते सांगत नाहीत.

ममत्व एकदा जडले म्हणजे ते कोणाच्या सोयीने सुटत नाही, याचीही नोंद केली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार सामील झाले, आणि पुढील वर्षांत गिरण्या एकामागून एक मिटत गेल्या. चांदूर बाजारच्या शेजारी अचलपूर येथे जुनी विदर्भ मिल होती. १९७४ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढे राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने अचलपुरात नवी गिरणी उभारली आणि तिला मुंबईतील फिनले गिरणीचे नाव दिले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत महामंडळाच्या इतर गिरण्यांप्रमाणे येथीलही यंत्रे थांबली. मुंबईहून नाव आणता आले. अचलपूरच्या कामगाराने त्या नावावर बसविलेला जीव मात्र कोणत्याच दफ्तरात नोंदलेला नव्हता, म्हणून यंत्रे थांबली तेव्हा त्याचा हिशेबही कोणाला करावा लागला नाही. नोकराने माल आपला मानावा असे म्हणणाऱ्या संस्थेने, माल बंद करताना ‘आपण’ मध्ये नोकर होता की नव्हता, याचे उत्तर दिले पाहिजे. ‘आम्ही कारखाना बंद करीत आहोत’ या वाक्यातील सर्वनाम नेहमी व्यावर्तकच असते.

चांदूर बाजार, मोर्शी, वरूड या पट्ट्यातील संत्र्याच्या व्यापारात हा गुंता तितका तीव्र नाही. बहार झाडावरच विकला जातो. तोडणी, निवड आणि पेट्या भरणे ही कामे व्यापाऱ्याची माणसे थोड्या दिवसांत उरकतात आणि पुढल्या बागेकडे जातात. फळ चार दिवसांत परक्या बाजारात जाणार हे सर्वांनाच ठाऊक असते. तेथे कोणी कोणाकडून जिव्हाळा मागत नाही. डागी फळ वेगळे काढण्याची मजुरी ठरलेली असते, आणि डागी फळ वेगळे निघते.

कापसाच्या गाठीवर काय लिहावे यासंबंधी १९२५ मध्ये जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. प्रत्येक गाठीवर दाबणाऱ्या कारखान्याचे चिन्ह आणि अनुक्रमांक उमटविणे त्याने बंधनकारक केले. हेतू हा की दूरच्या गिरणीत गाठ फुटली आणि आत भेसळ निघाली तर ती कोणाची हे सांगता यावे. ७ ऑक्टोबर २०२० रोजी भारतीय कापसाला ‘कस्तुरी’ हे व्यापारी नाव देण्यात आले, आणि आता गाठीचा माग क्यूआर संकेतावरून लावण्याची सोय झाली आहे. ऊमरापासून कस्तुरीपर्यंत मालाला नावे मिळत गेली. कारखाना ओळखता येतो, गाठीचा क्रमांक ओळखता येतो. त्या गाठीतून सुतळीचा धागा वेचून काढणाऱ्या स्त्रीच्या नावासाठी अद्याप कोणत्याही छापात जागा ठेवलेली नाही.